फडक्याची आई

१

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पुण्याच्या बाईंनी मनगटावरचं घड्याळ बघून तसं मोठ्यानं म्हटलं, म्हणून ती वेळ आनंदीच्या डोक्यात बसली. पुढे बरंच काही तिच्या हातून सुटलं, पण ती वेळ सुटली नाही.

"दोन दहा," बाई म्हणाल्या. "आता मी त्या आडभिंतीमागे जाते. मी घंटी वाजवली की तुम्ही उठायचं, मुलीकडे वळून बघायचं नाही, आणि बाहेर पडवीत जाऊन बसायचं. परत घंटी वाजली की आत यायचं. एवढंच."

"रडली तर?" आनंदीनं विचारलं.

"रडू दे. तेच तर बघायचंय."

पोलादपूरच्या भातगिरणीमागे एक जुनी वखार होती. पूर्वी तिथं पोती लावत. आता ती रिकामी होती, सारवून घेतली होती, तरी कोपऱ्यांतून कोंड्याचा वास यायचाच. उजेडाला वर एक झरोका. एक दार पडवीकडे, एक मागे डोंगराकडे, त्याला आतून अडसर. एका बाजूला फळ्यांची आडभिंत घातलेली, तिच्यात डोळ्याएवढं भोक. त्या भोकातून बाई बघत बसायच्या. त्या मानसशास्त्र शिकलेल्या होत्या. तान्ही पोरं आईला कशी धरतात याचा अभ्यास करायला त्या आल्या होत्या, आणि जी बाई पोर घेऊन येईल तिला दुधाच्या भुकटीचा डबा मिळायचा. डब्यासाठीच आनंदी आपल्या ठकीला घेऊन डोंगरावरच्या वाडीतून खाली उतरली होती. ठकी नुकती बसायला लागली होती, आणि तिचं वजन भरत नव्हतं.

वखारीत मधोमध चटई होती, आणि चटईच्या टोकाला दोन आया बसवल्या होत्या.

हो, बाईंनी त्यांना आयाच म्हटलं. एक पत्र्याची. तेलाचा डबा उभा करून त्याला दुधाची बाटली टांगलेली. दुसरी कामट्यांची. बसलेल्या बाईएवढा सांगाडा, त्याला खांदे होते, डोकं नव्हतं.

"अमेरिकेत एकानं माकडाच्या पिल्लांना अशा दोन आया करून दिल्या," बाईंनी समजावलं होतं. "एक तारेची, तिच्याकडे दूध. एक मऊ फडक्याची, तिच्याकडे काहीच नाही. आधी सगळे म्हणायचे, पिल्लू आईला धरतं ते दुधासाठी. पण पिल्लं दूध प्यायची तारेच्या आईकडे, आणि दिवसभर बिलगून बसायची फडक्याच्या आईला."

"आणि त्यांच्या खऱ्या आया?"

"त्यांना बाजूला ठेवलं होतं," बाई म्हणाल्या.

बाईंच्या सांगण्यावरून आनंदीनं आदल्या दिवशी नेसलेलं हिरवं लुगडं न धुता आणलं होतं. ते तिनं कामट्यांच्या खांद्यांवर टाकलं, निऱ्या सारख्या केल्या, आणि हात सवयीनं लुगड्यावर टेकला. "बघ गो लेकराला, मी येईतवर," ती पुटपुटली.

हे वाडीतली प्रत्येक बाई करते. शेतावर किंवा गुरांमागे जाताना पोर झोळीत, आणि त्याच्या उशाशी आपलं नेसून काढलेलं लुगडं. त्या लुगड्यालाच सांगून जायचं, पोर बघ म्हणून. परत आल्यावर पोराला हात लावायच्या आधी ते लुगडं उंबऱ्यावर नेऊन झटकायचं आणि म्हणायचं, "झालं तुझं, सूट आता." का, ते कुणी विचारत नाही. कपाळाला कुंकू लावताना तरी कुठं विचारतो?

"काय म्हणालात?" आडभिंतीमागून बाईंनी विचारलं.

"काय नाय," आनंदी म्हणाली. तिला लाज वाटली. ती माहेरी, नाते गावात, सातवी पास झालेली होती, आणि शिकलेल्या बाईसमोर अडाणी दिसायचं तिच्या जिवावर आलं.

घंटी वाजली.

२

पडवीत बाकावर साळूबाई बसली होती, तिच्याच वाडीतली. मांडीवर तिचा सदू. तिचा नंबर पुढचा होता.

"काय गो, सोडून आलीस लेकीला?"

"बघू नको म्हणाल्या मागं. मी बघितलं नाय."

"माझा सदू तर खुशाल ऱ्हाईल. ह्याला कोण पण चालतं. बापावर गेलाय."

आनंदीला हसू आलं नाही. ती मुळात धास्तावणारी. ठकी झोपली तरी नाकाशी बोट धरून श्वास बघणारी. आतून ठकीचं रडणं सुरू झालं होतं. आधी कुरकुर, मग टाहो. गिरणीचं तेलाचं इंजिन फटफट करत होतं, त्याच्या वर तो आवाज चढत गेला. आनंदीच्या छातीत दूध दाटलं. ती बाकावरून अर्धी उठली.

"बस," साळूबाईनं तिचा हात ओढला. "डबा पायजे ना?"

आणि रडणं थांबलं.

हळूहळू विझत गेलं नाही. उचलून घेतल्यावर थांबतं तसं थांबलं, हुंदक्याच्या मध्येच. मग आतून आवाज आला. टाळूला जीभ लावून काढलेला, दोनदा भरभर आणि एकदा सावकाश. टक्टक्, टक्.

साळूबाईनं मान वळवली. "गो, ही तर तुझी हाळी."

आनंदीचे वडील शेळ्यांना अशी हाळी घालायचे. तिनं ती लेकीसाठी उचलली होती. वाडीत सगळे त्यावरून तिची थट्टा करत, लेक हाय का करडू म्हणून.

"बाई काढत असतील आवाज," आनंदी म्हणाली. "सकाळी मी त्यांच्यासमोर काढला होता."

"पुण्याची बाई, आणि शेळीची हाळी? बरी शिकली."

आनंदीनं मनाशी हिशेब घातला. बाई हुशार आहेत. एकदा ऐकून येऊ शकतं. शिवाय इंजिनाच्या आवाजात काहीही ऐकू येतं. हे सगळं तिला पटलं. फक्त ठकीला तरी कसं पटलं, एवढंच राहिलं.

३

घंटी वाजली तशी ती आत गेली. बाई आडभिंतीमागून तरातरा बाहेर आल्या. गोऱ्या बाई, त्यांचे कान लाल झाले होते.

"मी काय सांगितलं होतं तुम्हाला? घंटीशिवाय आत यायचं नाही म्हणून बजावलं होतं की नाही? सगळी चाचणी वाया गेली!"

"मी नाय आले."

"अहो, मी बघितलं ना! मधेच आत आलात, मुलीला उचललंत, मांडीवर घेतलंत. असं मन कमकुवत असेल तर मग कशाला यायचं?"

"बाई, मी बाहेर होते. साळूबाईला इचारा."

साळूबाईनं दारातून होय म्हणून मान हलवली. बाईंनी एकीकडून दुसरीकडे बघितलं. त्यांचा हात घड्याळाकडे गेला आणि तसाच राहिला.

ठकी फडक्याच्या आईच्या पुढ्यात बसली होती. हिरव्या लुगड्याचा पदर तिच्या मुठीत. तिनं आनंदीकडे बघितलं. मग मान वर करून त्या सांगाड्याच्या खांद्यांवर, जिथं डोकं नव्हतं तिथं, बघितलं. मग परत आनंदीकडे. आणि ओठ काढून रडायला लागली. ओळखीच्या माणसासाठी पोर रडतं ते रडं वेगळं. हे अनोळखी बोहारीण दारात उभी राहिल्यावरचं रडणं होतं.

आनंदीनं तिला उचललं तर ती लाकडासारखी ताठ झाली.

"होतं असं," बाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज आता खाली आला होता. "सोडून गेल्याचा राग असतो. घरी गेल्यावर ठीक होईल. उद्या परत या. लुगडं इथंच राहू दे, वास तोच लागेल."

आनंदीचे डोळे लुगड्याकडे गेले. उंबऱ्यावर नेऊन झटकायला हवं होतं. पण बाई बघत होत्या, ठकी ओरडत होती, आणि तिच्या हातात डबा दिला गेला. ती तशीच निघाली.

४

वाडीवर पोचेपर्यंत ठकी रडून थकली होती. आनंदीनं तिला पदराखाली घेतलं तर तिनं तोंड फिरवलं. परत घेतलं, परत फिरवलं. भुकटीचं दूध वाटीतून पाजलं ते गटागटा प्यायली, आणि पिताना आनंदीकडे बघितलंही नाही.

सासू रंगूबाई चुलीशी बसली होती. नवरा, दत्ताराम, मुंबईला गिरणीत. घरात या दोघीच आणि ठकी.

"दिष्ट लागली असंल," रंगूबाई म्हणाली. "तुझं लुगडं आण हिरवं. उशाला घालू."

"ते खालीच राहिलं, आत्या."

"खाली म्हंजे?"

आनंदीनं सांगितलं. सगळं नाही, हाळीचं टाळलं. रंगूबाईच्या हातातली फुंकणी तिच्या मांडीवर पडली.

"सांगून ठेवलंस, आणि न झटकता आलीस?"

"बाई म्हणाल्या ऱ्हाऊ दे."

"बाई काय म्हणतील! त्यांना काय ठावं! तुला ठावं नव्हतं?"

"पण न झटकलं तर होतं काय, आत्या?"

रंगूबाईनं फुंकणी उचलून चुलीशी ठेवली. "मी कवा इचारलं नाय," ती शेवटी म्हणाली. "सासूनं सांगितलं, मी केलं. एकदा पण इसरले नाय. म्हणून मला म्हाईत नाय."

हे ऐकून आनंदीला जो धक्का बसला तो भुताखेताची गोष्ट ऐकून बसला नसता. गोष्ट असती तर तिला खोटी म्हणता आलं असतं.

ठकी माजघराच्या भिंतीशी बसली होती, तोंड भिंतीकडे करून. त्या भिंतीच्या बाजूला खाली दरी, आणि दरीच्या तळाशी पोलादपूर. आनंदीनं टाळूला जीभ लावून हाळी घातली. ठकी झटकन वळली, आनंदानं वळली. आवाज कुणाचा ते तिनं बघितलं, आणि तिचा चेहरा पडला.

"सवयीनं होतं सगळं," आनंदी स्वतःशी म्हणाली. पोराला जी सवय लावावी ती लागते. एका दुपारची सवय दोन दिवसांत मोडेल. तिच्या चोळीवर दुधाचे डाग पडले होते, छाती दगडासारखी झाली होती. तिनं ते दूध वाटीत पिळलं आणि चुलीत ओतलं.

५

दुसऱ्या दिवशी ती उतरली ते लुगडं आणायला. रंगूबाईनं बजावलं होतं, तिथंच उंबऱ्यावर झटक, कोण बघतंय ते बघू नको. साळूबाई सोबत होती. काल गोंधळामुळे तिचा नंबर लागलाच नव्हता, आणि डबा राहिला होता.

बाई पडवीत बसल्या होत्या. काल त्यांचा अंबाडा चापूनचोपून होता. आज केस तसेच बांधलेले. त्यांनी आनंदीला बसायला सांगितलं आणि विचारलं, "तुम्ही शपथेवर सांगता, की तुम्ही आत आला नव्हता?"

"सदूची आण," साळूबाईच बोलली. "ही माझ्या बाजूला होती. हिचा हात माझ्या हातात होता."

बाईंनी सुटलेले केस कानामागे सारले. मग कुणी विचारलं नसताना बोलायला लागल्या.

"पूर्वी विद्वान लोक मन म्हणजे काय हे शोधायला स्वतःच्याच मनात डोकावत बसायचे. पण एकाला आत जे दिसायचं ते दुसऱ्याला दिसायचं नाही. भांडणं व्हायची. मग ठरलं, आतलं सोडा. बाहेरून दिसतं तेवढंच खरं धरायचं."

"म्हंजे नवऱ्यासारखं," साळूबाई म्हणाली. "त्यांना पण बाहेरचंच दिसतं."

बाई हसल्या नाहीत. "एकानं तर एका तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवला. मूल हात लावायला गेलं की मागे लोखंडावर हातोडा मारायचा. दणकन. असं करत राहिला. शेवटी नुसता उंदीर दिसला तरी मूल रडायचं. मग ससा बघून रडायला लागलं. मग कापूस बघून."

आनंदीनं ठकीला घट्ट धरलं. "आणि त्याची आई कुठं होती?"

"तिथंच. हे जिथं चालायचं त्याच दवाखान्यात कामाला होती म्हणतात."

"आणि तिनं चालू दिलं?"

"शेवटी ती मुलाला घेऊन निघून गेली. त्याची भीती कुणी काढलीच नाही."

"बरं केलं गेली ते," आनंदी म्हणाली, आणि आपण इथं ठकीला घेऊन परत का बसलोय, हे तिच्या अंगावर आलं.

"मला शिकवलंय, दिसतं तेवढंच खरं," बाई म्हणाल्या. त्यांचे हात मांडीवर एकमेकांत अडकले होते. "आणि काल मला एक बाई दिसली. पाठमोरी. हिरव्या लुगड्यातली. तुम्ही तर जांभळं नेसला होता."

गिरणी आज बंद होती. तिच्या पत्र्यांवर ऊन तडतडत होतं, तेवढंच.

"मला माझं लुगडं द्या," आनंदी म्हणाली.

६

ठकीला आत न्यायचं नाही हे तिनं ठरवलंच होतं. तिला साळूबाईच्या मांडीवर, सदूच्या शेजारी दिलं. बाईंनी कुलूप काढलं. दोघी आत गेल्या.

पत्र्याची आई तिथंच होती. कामट्यांचा सांगाडा तिथंच होता.

उघडा, लुगड्याशिवाय.

"मी स्वतः कुलूप घातलं होतं," बाई म्हणाल्या. "किल्ली माझ्या उशाखाली होती."

आनंदीनं सांगाड्याला हात लावला. कामट्या कोमट होत्या. झरोक्याचं ऊन त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. चटईवर एक ओला डाग होता, तिनं बोट लावून नाकाशी नेलं. दूध. पत्र्याच्या आईची बाटली तर बूच लावून भरलेली होती.

"मागे बघते," म्हणत बाई पडवीतून आडभिंतीमागे गेल्या. आनंदी मागच्या दाराकडे वळली. अडसर जमिनीवर पडला होता.

आणि पडवीतून आवाज आला. टक्टक्, टक्. त्यामागून ठकीचं खिदळणं.

आनंदी धावत पडवीत आली. साळूबाई बाकावर होती, मांडीवर सदू. एकटा सदू.

"ठकी कुठाय?"

साळूबाई तिच्याकडे बघतच राहिली. तिच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी वाळलं.

"गो, तूच नेलीस की. आत्ता."

"मी आत होते!"

"मागून फिरून आलीस. हात पुढं केलास, आणि पोर झेपावलं. मी म्हटलं, कालपासून तोंड फिरवत होती, आज कशी गेली..." साळूबाईचा आवाज चिरकला. "मी म्हटलं पण तुला, एवढ्यात लुगडं कवा बदललंस म्हणून."

"कुठं गेली?"

"गिरणीमागं."

तेवढ्यात आडभिंतीमागून बाईंचा आवाज आला. हाक नव्हती ती. पाण्यात बुडताना माणूस बोलेल तसा आवाज.

"आनंदीबाई. तुम्ही बाहेर आहात ना? बाहेरच आहात ना?"

आडभिंतीमागच्या अंधारात शिरायला पडवीतूनच एक फळीचं दार होतं. आनंदी आत घुसली. बाई भोकाला डोळा लावून उभ्या होत्या, भिंतीला दोन्ही पंजे चिकटवून. आनंदीनं त्यांना बाजूला लोटलं आणि डोळा लावला.

चटईवर एक बाई बसली होती. पाठमोरी. हिरवं लुगडं. पदराखाली ठकी पीत होती, तिचे पाय समाधानानं हलत होते, एक हात वर येऊन त्या बाईच्या मानेवरच्या बटा ओढत होता. बाईनं तिला सावरायला कोपर वर घेतलं. कोपरामागे भाजल्याची खूण होती, पानाएवढी. आनंदी लहानपणी चुलीवर पडली होती ती खूण. स्वतःची असून ती तिनं कधी धड बघितली नव्हती, कारण स्वतःच्या कोपरामागे कुणाला दिसतं? आज पहिल्यांदा तिनं ती नीट बघितली.

ठकीनं दूध पिताना डोळे उघडले आणि भोकाकडे बघितलं. मग त्या बाईची मान वळायला लागली.

आनंदीनं डोळा काढला. पुढे आयुष्यभर ती स्वतःला विचारत राहिली, तेव्हा का काढलास. पण काढला.

पडवीतून फिरून वखारीत जाईपर्यंत तिथं कुणी नव्हतं. मागचं दार सताड उघडं होतं, आणि बाहेर डोंगराची पायवाट उन्हात पांढरी पडली होती.

७

ती धावली. साळूबाई मागून हाका मारत राहिली, मग हाका मागे पडल्या. वर वळणावळणाला काहीतरी हिरवं दिसायचं आणि झाडीत जायचं. आनंदी ओरडली, "ठके! ठके!" वरून उत्तर आलं ते ठकीच्या हसण्याचं. डोंगरात आवाज घुमतो, असं ती स्वतःला सांगत होती. माणूस धापा टाकायला लागलं की डोळ्यांपुढं काहीबाही येतं. साळूबाईनं आपली चेष्टा केली असेल. बाईंनी औषध घातलं असेल पाण्यात. एकेक कारण ती हातात घेत होती, आणि एकेक गळून जात होतं.

मधल्या खडकाशी वाडीतला भागोजी शेळ्या घेऊन उतरत होता. ती लहान असल्यापासून नव्हे, पण लग्न होऊन आल्यापासून रोज तिला बघणारा म्हातारा.

"भागोजीबाबा! ठकीला घेऊन कोण गेलं वर?"

त्यानं डोळ्यांवर हात धरला. "आनंदी गेली की लेकीला घेऊन. तू कोण गो? तिची भन काय? तोंडावळा तोच हाय."

आनंदी त्याच्या शेळ्यांतून वाट काढत पुढे पळाली.

घराच्या अंगणात पोचली तेव्हा रंगूबाई ओसरीवर उभी होती. तिच्या कमरेवर ठकी. तोंड दुधानं माखलेलं, डोळ्यांत झोप. घराचं दार उघडं, आत चुलीचा धूर.

"आत्या," आनंदी म्हणाली.

रंगूबाईनं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. रागानं नाही. एखादी वाटसरू बाई दमून आली की बघतात तसं.

"पाणी पायजे का बाय? कुठल्या गावची तू?"

"आत्या, मी हाय. आनंदी."

"आमच्या सुनेचं पण नाव तेच," रंगूबाई म्हणाली. "बघ गो ठके, कोण आलंय." ठकीनं एकदा आनंदीकडे बघितलं आणि आजीच्या खांद्यात तोंड लपवलं.

तेव्हा दारात, धुराच्या अलीकडे, दोन हात दिसले. बाकीचं अंग आतच राहिलं. हातांत आनंदीच्या हातातल्यासारख्याच काचेच्या बांगड्या होत्या, एक जागा तशीच मोकळी, जिथली बांगडी परवा फुटली होती. त्या हातांनी हिरवं लुगडं उंबऱ्यावर धरलं, आणि फटकन झटकलं.

"झालं तुझं," आतून आनंदीच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं. "सूट आता."

आनंदीच्या छातीत कालपासून ठणकत असलेलं दूध त्या क्षणी गेलं. ओसरलं नाही, गेलं. घागर उपडी केल्यावर घागरीला वाटत असेल तसं तिला वाटलं. ती अंगणात उभी राहिली, आणि तिचे पाय आपोआप मागे सरकायला लागले.

८

ती परत खाली पोलादपूरला आली. दुसरीकडे कुठं जाणार? वखारीत बाई सामान बांधत होत्या. आनंदी दारात उभी राहिली तशी त्यांनी दचकून वर बघितलं, आणि मग ओळख नसलेल्या माणसाशी हसतात तसं हसल्या.

"चाचण्या संपल्या, बाई. पण नाव सांगून ठेवा. मूल किती महिन्यांचं आहे तुमचं? आणलं नाही का सोबत?"

साळूबाईला तिनं गाठलं तेव्हा साळूबाईनं सदूला पदराआड घेतलं आणि रस्ता बदलला.

शिमग्याला दत्ताराम मुंबईहून आला. आनंदी एसटी स्टँडवर थांबली होती. त्याच्या पिशवीतून पत्र्याचा खुळखुळा डोकावत होता. ती पुढे झाली, त्याच्या हाताला धरलं. त्यानं हात सोडवला, पण हळूच, बाईमाणूस म्हणून.

"काय पायजे, ताई? कुणाला शोधताय?"

"खुळखुळा कुणाला?" तिनं विचारलं.

"लेकीला," तो म्हणाला, आणि खूश होऊन हसला. "घरनं पत्र आलंय. वजन भरलं म्हणे तिचं. रात्रंदिवस आईला चिकटून असते."

तो डोंगराकडे चालू लागला. आनंदी त्याच्या मागे गेली नाही. तिला आता वरची वाट सापडत नाही. मधल्या खडकापर्यंत जाते, आणि पुढे प्रत्येक वेळी खालीच उतरलेली असते.

स्टँडवर चहाची टपरी चालवणारी चंद्राबाई तिला चहा देते. ती कोण हे विचारत नाही. विचारलं की ती बाई रडत नाही, नुसती हबकल्यासारखी बघत राहते, आणि ते बघवत नाही. उतारू आले की ती प्रत्येक बाईजवळ जाते, कडेवर पोर असेल तिच्याजवळ आधी. दासगावची, महाडची, कुठलीही असो. बायका आपलं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतात आणि सरकतात. ती कुणाला हात लावत नाही. तिचं मागणं एवढंच असतं:

वरच्या वाडीला कुणी जाणार असाल, तर घरातल्या मोठ्या माणसांना काही सांगू नका, त्यांना पटणार नाही. ठकीला तेवढं कानात सांगा. ती लहान आहे, पण सांगा. म्हणावं, तुझी आई खाली आहे. आणि तुम्ही जाणार नसाल, तर जी कोण जाणार असेल तिला सांगा.